एकाशी येऊन थांबणारा अपूर्णांक संच

मी प्राथमिक शाळेत चौथी आणि पाचवीच्या मुलांना गणित शिकवते. गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, अपूर्णांक शिकवण्यासाठी म्हणून एक लाकडी संच ऑनलाइन मागवला आणि पुढे कारण पडले तेव्हा तसाच दुसराही मागवला. दोन्हींची मिळून किंमत तेराशे रुपयांच्या आसपास गेली आणि ती मी पदरची भरली. वर्षभर हा संच दोन वर्गांत, सुमारे साठ मुलांच्या हाताखालून गेला असल्यामुळे आता त्याच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल. विकणाऱ्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच रचनेचे संच निरनिराळ्या खोक्यांतून अनेक जण विकतात आणि माझी मुख्य तक्रार एका विक्रेत्याशी नसून त्या रचनेशीच आहे.

संचात दोन प्रकारचे तुकडे येतात. पहिला प्रकार वर्तुळांचा. एक अखंड वर्तुळ, मग दोन अर्धी, तीन तृतीयांश, चार पाव, आणि याच क्रमाने पाच, सहा, आठ, दहा व बारा भाग केलेली वर्तुळे. दुसरा प्रकार पट्ट्यांचा. अखंड पट्टी ३० सेंटिमीटरची आणि तिचेही तेच भाग. प्रत्येक प्रकारात ५१ तुकडे, म्हणजे एकूण १०२. प्रत्येक छेदाला वेगळा रंग आहे, तुकड्याच्या एका बाजूला अपूर्णांक छापलेला आहे आणि दुसरी बाजू कोरी आहे. रंगाला वास नाही, कडा हाताला लागत नाहीत, खोक्याचे झाकण मात्र दिवाळीपर्यंत टिकले नाही. तुकडे हल्ली एका जुन्या मिठाईच्या डब्यात राहतात.

आधी जे चांगले आहे ते सांगते. पट्ट्या उत्तम आहेत. लहान मुले अपूर्णांकाकडे येतात ती पूर्णांकांची सवय घेऊन येतात. आठ हा चारापेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा, असे वर्गातील निम्मी मुले पहिल्या दिवशी ठामपणे सांगतात आणि त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नसते, कारण आजवर मोठ्या आकड्याने त्यांना कधी फसवलेले नसते. अशा वेळी तोंडाने कितीही समजावले तरी मुले मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहितात. साडेसात सेंटिमीटरची पाव पट्टी आणि तिच्या निम्म्या लांबीची अष्टमांश पट्टी एकाखाली एक ठेवली, की वाद मिटतो. जितके वाटेकरी अधिक तितका वाटा लहान, हे मुलांना घरच्या अनुभवावरून ठाऊक असतेच. फक्त छेद म्हणजे वाटेकऱ्यांची संख्या, हे त्यांच्या लक्षात आलेले नसते.

बेरजेतील नेहमीची चूकही पट्ट्यांनी पकडता येते. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे किती, या प्रश्नाला अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ हे उत्तर हमखास येते. मी खोडून काढत नाही, मांडायला सांगते. अर्धी पट्टी १५ सेंटिमीटर, तिला लावून १० सेंटिमीटरची तृतीयांश पट्टी, आणि त्यांच्याखाली दोन पंचमांश पट्ट्या, ज्यांची लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर होते. बेरीज केल्यावर उत्तर मूळच्या अर्ध्याहूनही कमी आले, हे डोळ्यांना दिसते. मग मुले आपणहून दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या लावून पाहू लागतात आणि पाच षष्ठांश पट्ट्या बरोबर बसतात, हे कोणीतरी शोधून काढतेच. समच्छेद करणे म्हणजे काय, याची याहून चांगली सुरुवात मला ठाऊक नाही.

वर्तुळांबद्दल मात्र माझे मत तितके बरे नाही. खोक्यावरच्या चित्रात तीच झळकतात, मुलांनाही पहिल्या दिवशी तीच आवडतात; पण दशांशाची फोड आणि बारांशाची फोड यांत जो सहा अंशांचा फरक आहे तो नऊ वर्षांच्या मुलाला दिसत नाही आणि दोन तुकड्यांची तुलना करायची तर एकावर एक ठेवून, टोक टोकाशी जुळवून पाहावे लागते. अर्धा, पाव, पाऊण इथपर्यंत वर्तुळ ठीक आहे. त्यापुढे ते शोभेचे.

आता मुख्य गोष्ट. जुलैत एका तासाला मी मुलांना पाव वर्तुळाचे तुकडे मोजत ठेवायला सांगितले. एक पाव, दोन पाव, तीन पाव, चार पाव, आणि वर्तुळ पूर्ण झाले. मी म्हटले, "आता पाचवा पाव ठेव." मुलाने खोक्यात पाहिले. पाचवा पाव खोक्यात नव्हता. संचात पाव चारच असतात, तृतीयांश तीनच, अष्टमांश आठच. प्रत्येक रंगाचे तुकडे एक होईल एवढेच दिलेले असतात, एकही जास्त नाही. मी पुठ्ठ्याचा पाचवा पाव कापून दिला, तेव्हा तो मुलगा तो तुकडा हातात घेऊन थोडा वेळ बसला आणि मग त्याने तो भरलेल्या वर्तुळाच्या वर ठेवून दिला, जणू थाळी भरली म्हणून पोळी भातावर ठेवावी. "बाई, याला जागाच नाही," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे संचाच्या रचनेला धरून अगदी बरोबर होते. हा संच मुलांना नकळत असे शिकवतो, की अपूर्णांक म्हणजे एका वस्तूचे तुकडे, त्यांची धाव एकापर्यंत, आणि तिथे खेळ संपतो. पुढे पाचवीत ५/४ समोर आला की हीच मुले विचारतात, की चार भाग केले तर त्यांतले पाच घ्यायचे कसे. आपण त्यांना अंशाधिक अपूर्णांक, छेदाधिक अपूर्णांक, पूर्णांकयुक्त अपूर्णांक अशी नावे पाठ करायला लावतो आणि अंशाला छेदाने भागायची रीत देतो. रीत येते. पण अपूर्णांक आणि पूर्णांक या एकाच रस्त्यावरच्या खुणा आहेत, २ आणि ८/४ हे एकाच ठिकाणाचे दोन पत्ते आहेत, हे त्या रीतीतून येत नाही. लहान मुलांसाठीच्या साधनाने नेमके हेच करून दाखवायला हवे आणि नेमके तेच यात नाही. आपल्या 'अपूर्णांक' या शब्दानेही गोंधळात थोडी भर पडते. जो अपूर्ण तो पूर्ण कसा असेल, असे मुलाने विचारले तर त्याला दोष देता येत नाही.

गंमत अशी, की शब्दाने घातलेला हा गोंधळ सोडवायची सोय मराठीतच आहे आणि ती फार जुनी आहे. पाव, अर्धा, पाऊण या नावांनंतर आपली भाषा एकाशी थांबत नाही. सव्वा, दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच अशी ती पुढे चालत राहते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पूर्णांकांच्या पाढ्यांइतकेच घोकून घेत, ते काही हौसेखातर नव्हे. पावकी म्हणताना मुलगा चौथ्या पायरीला एकावर, आठव्या पायरीला दोनावर, बाराव्या पायरीला तीनावर येत असे आणि मधली पावले त्याच्या जिभेवर असत. सोळा आण्यांच्या रुपयात तर हा संच खिशातच असे. पावली, अधेली ही नाण्यांची नावेच पाव आणि अर्धा सांगत. १९५७ साली दशमान नाणी आली, २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले, आणि आता माझ्या वर्गातल्या मुलांना 'सोळा आणे खरे' हे बोलणे तेवढे ऐकून माहीत आहे. सगळे पाढे पुन्हा घोकून घ्यावेत असे मी म्हणत नाही. पावकीचे पहिले बारा टप्पे तुकडे मांडत म्हटले तरी काम होते. मात्र पुरेसे पाव हाताशी हवेत.

दुसरा संच मी मागवला तो यासाठी. वर्गातील शहाबादी फरशीवर खडूने एक सरळ रेघ ओढली आणि ३० सेंटिमीटर म्हणजे एक धरून शून्य, एक, दोन, तीन, चार अशा खुणा केल्या. दोन संचांतील आठ पाव पट्ट्या मुलांनी शून्यापासून एकापुढे एक लावल्या. चौथी पट्टी एकाच्या खुणेवर संपली. पाचवी पट्टी ठेवली तेव्हा, ज्या मुलाला वर्तुळात जागा सापडली नव्हती तोच ओरडला, "बाई, हे तर सव्वा झालं!" तो वडिलांबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसतो. सव्वा किलो त्याने शेकडो वेळा तोलले असेल. ५/४ म्हणजे तेच सव्वा, हे मात्र त्याला त्या दिवशी कळले. सहावी पट्टी दीड, सातवी पावणेदोन, आठवी दोन. एका तासात सगळा वर्ग रेघेवर उकिडवा बसून तिसऱ्या आणि चौथ्या एककात बोटे ठेवून अपूर्णांक सांगत होता.

त्याच रेघेवर नंतर आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या. पट्टी जिथे संपेल तिथे तिचा अपूर्णांक लिहून ठेवायचा. अर्ध्याच्या खुणेशी १/२, २/४, ३/६, ४/८ असा ढीग जमला. एकाच्या खुणेशी २/२, ३/३, ४/४ पासून १२/१२ पर्यंत आणखी मोठा ढीग झाला, तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, एकाची नावं संपणारच नाहीत का?" सममूल्य अपूर्णांकांचा धडा मी त्या तासानंतर वेगळा असा शिकवलाच नाही, फक्त पुस्तकातली उदाहरणे सोडवून घेतली. हे सगळे ज्या रेघेवर झाले ती रेघ संचात नाही. शून्य ते चार एवढ्या खुणा असलेली कापडाची किंवा जाड कागदाची एक सव्वा मीटरची पट्टी खोक्यात घालायला उत्पादकाला काय खर्च आला असता?

पूर्णांकांशी असलेले अपूर्णांकाचे आणखी एक नाते या संचात बसत नाही, ते म्हणजे भागाकाराचे. तीन भाकऱ्या चार जणांत सारख्या वाटायच्या, हा प्रश्न मी दर वर्षी विचारते. ३ हा पूर्णांक, ४ हा पूर्णांक, आणि उत्तर ३/४. अंश म्हणजे भाकऱ्या, छेद म्हणजे माणसे. पण संचात अखंड वर्तुळ एकच असल्यामुळे तीन भाकऱ्या मांडायच्या कशा, हाच प्रश्न पडतो आणि दोन संच घेऊनही एक भाकरी कमीच पडते. शेवटी आम्ही वर्तमानपत्राच्या भाकऱ्या कापल्या. बहुतेक गटांनी प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करून एकेकाला तीन तीन दिले. एका गटाने मात्र दोन भाकऱ्या अर्ध्या अर्ध्या करून चौघांना वाटल्या आणि तिसरीचे चार पाव केले. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी आणि एक पाव. मग भांडण सुरू झाले, की कोणाला जास्त मिळाली. तेव्हा संचातील वर्तुळे कामाला आली. अर्ध्याला पाव जोडला, त्यावर तीन पाव ठेवून पाहिले आणि दोन्हीकडे पाऊणच निघाली. असा न्यायनिवाडा करायला वर्तुळे चांगली आहेत, हे कबूल करायला हवे.

आता कारागिरीतील दोष. संच नवा असताना मी लक्ष दिले नव्हते. बारांशाच्या बारा पट्ट्या अखंड पट्टीखाली लावताना एका मुलीने तो दाखवला. "बाई, बारा बारांश म्हणजे एक नाही, थोडं कमी आहे." मी मोजले तर बारा पट्ट्या मिळून २९.६ सेंटिमीटर भरल्या. कारण उघड आहे. एका अखंड पट्टीतून तुकडे कापले की प्रत्येक कापाबरोबर थोडे लाकूड जाते. दोन तुकड्यांत ते जाणवत नाही, बारा तुकड्यांत ते साचून चार मिलिमीटर होते. कापण्यापूर्वी तेवढी जागा सोडणे एवढाच त्यावर उपाय आहे आणि तो कोणत्याही सुताराला ठाऊक असतो. एरवी चार मिलिमीटरवर कोणी शब्द खर्च करणार नाही. पण ज्या वस्तूचे संपूर्ण काम 'बारा बारांश म्हणजे बरोबर एक' हे दाखवण्याचे आहे तिच्यात ही उणीव मोठीच म्हणावी लागेल, कारण मुले शिक्षकांपेक्षा डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवतात. विक्रेत्याला कळवले, त्यांनी विनातक्रार बदलून दिला, आणि बदलून आलेल्या संचातही बारांश तेवढेच कमी भरले. वर्गात मी त्याचा उपयोग करून घेतला. लाकूड कुठे गेले असेल, यावर अर्धा तास चांगली चर्चा झाली. विकणाऱ्याला मात्र त्याचे श्रेय देता येणार नाही.

तुकड्यांवर अपूर्णांक छापून ठेवणे मला सोय कमी आणि अडचण जास्त वाटते. मूल लांबी पाहत नाही, लेबल वाचते. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्विझेनेर यांच्या रंगीत कांड्या जगभर अनेक शाळांत वापरतात. एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या त्या दहा कांड्यांवर एकही आकडा नसतो, आणि त्यांचे बळ त्यातच आहे. नारिंगी कांडी एक धरली तर पिवळी अर्धी होते, जांभळी एक धरली तर लाल अर्धी होते. एक म्हणजे काय ते आधी ठरवायचे आणि मगच अर्धा म्हणजे किती ते सांगायचे, ही शिस्त त्यातून आपोआप लागते. आपल्याकडे 'पाऊणशे' म्हणताना आपण शंभराला एक धरतो, 'दीड डझन' म्हणताना बाराला; मुलांना हे बोलता येते, पण दिसलेले नसते. सुदैवाने आमच्या संचाची मागची बाजू कोरी आहे. वर्षाच्या उत्तरार्धात मी सगळ्या पट्ट्या पालथ्या घालूनच वापरल्या. अर्धी पट्टी उचलून "आज ही एक" असे जाहीर केले, की पाव पट्टीला अर्धा म्हणावे लागते आणि आधीची अखंड पट्टी दोन होते. हुशार समजली जाणारी दोन-तीन मुले इथेच अडखळली आणि एरवी मागे बसणारी काही मुले चटकन पुढे आली.

संचाबरोबरची माहितीपुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे, चार पानांची, आणि चारही पानांवर पिझ्झा आहे. पिझ्झ्याशी माझे वैर नाही. पण सहा किंवा आठ तुकडे करून आलेला पिझ्झा मुलांना वाटणी शिकवत नाही, वाटणी झालेली दाखवतो. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या तीन पिशव्या म्हणजे दीड लिटर, हे उदाहरण रोज सकाळी दारात येते, त्यात अपूर्णांकांची बेरीज आहे आणि ती एकाच्या पुढेही जाते. पुस्तिकेत अंशाधिक अपूर्णांकाचा उल्लेखही नाही, आणि तुकडेच नसल्यामुळे तो तरी कसा असणार.

घरी एकट्या मुलासाठी कोणी हा संच घेण्याच्या विचारात असेल तर माझे मत असे, की नुसता पट्ट्यांचा संच वेगळा मिळत असल्यास तो घ्यावा आणि वर्तुळांचे पैसे वाचवावेत. किंवा घेऊच नये. मी मार्चमध्ये एका मोठ्या जाड कार्डशीटमधून ३० सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद अशा पट्ट्या कापल्या. एका शीटमध्ये तीसहून अधिक निघाल्या. अर्धा, पाव आणि अष्टमांश घडी घालून होतात, तृतीयांशाला १० आणि २० सेंटिमीटरवर खुणा केल्या की झाले, आणि पाव हवे तितके, म्हणजे निदान बारा तरी करता येतात. कागद वाकतो, कडा मळतात, पुढच्या वर्षी पुन्हा कापावे लागते; पण कात्रीने लाकूड जात नाही, त्यामुळे बारा बारांश एकाला टेकतात. शाळेसाठी, जिथे साहित्य वर्षानुवर्षे टिकावे लागते तिथे, लाकडी संचच बरा, मात्र तो जोडीने घ्यावा आणि रेघ आपली आपण आखावी.

पाचपैकी गुण द्यायचे तर पट्ट्यांना चार, वर्तुळांना दोन, पुस्तिकेला शून्य. संच आलाच, तर खोका उघडल्यावर सर्वांत आधी बारांशाच्या बारा पट्ट्या एका ओळीत लावून मोजपट्टीने मोजाव्यात. माझ्या वेळी परत करण्याची मुदत सात दिवसांची होती.